ब्राझीलच्या लोकसंख्येचे आकडे वाचायचे कसे?

ब्राझीलची लोकसंख्या किती, असं विचारलं तर २०.३ कोटी हेही उत्तर मिळतं आणि २१.३ कोटी हेही. दोन्ही आकडे एकाच सरकारी संस्थेचे आहेत, दोन्ही अधिकृत आहेत. मधला एक कोटीचा फरक बराचसा मोजणीच्या पद्धतीतून आलाय, त्याचा जन्ममृत्यूशी संबंध थोडा. स्पर्धा परीक्षेची टिपणं काढणारे, मराठी विकिपीडियावर शहरांचे लेख लिहिणारे, कंपनीच्या कामानिमित्त साओ पाउलोला निघालेले, सगळे पहिल्यांदा इथेच अडखळतात. म्हणून कोणताही आकडा उचलण्याआधी तीन गोष्टी विचारायची सवय लावा: आकडा कोणत्या प्रकारचा, कोणत्या तारखेचा आणि कोणत्या हद्दीचा. पुढचं सगळं या तीन प्रश्नांभोवतीच फिरतं.

पहिली पायरी: आकडा मोजलेला की काढलेला?

ब्राझीलमध्ये हे काम आयबीजीई ही केंद्रीय सांख्यिकी संस्था करते. तिची स्थापना १९३६ ची आणि मुख्यालय रिओ दि जानेरोला. तिच्याकडून तीन प्रकारचे आकडे येतात.

पहिला जनगणनेचा. ती साधारण दर दहा वर्षांनी होते. २०२० ची जनगणना आधी महासाथीमुळे आणि मग निधी न मिळाल्याने पुढे ढकलली गेली आणि शेवटी २०२२ मध्ये झाली. (२०२१ ची आपली जनगणना कशी लांबत गेली हे पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही.) गणक घरोघरी काही महिने फिरत असले, तरी माहिती ३१ जुलै ते १ ऑगस्ट २०२२ या रात्रीची धरली जाते. त्या रात्रीनंतर जन्मलेलं बाळ मोजायचं नाही, त्या रात्रीनंतर वारलेला माणूस मोजायचा.

इथे एक बारीक खाच आहे. जून २०२३ मध्ये पहिला निकाल आला तो २०,३०,६२,५१२. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वय आणि लिंगाची माहिती देताना तो सुधारून २०,३०,८०,७५६ केला गेला. जुन्या बातम्यांमध्ये पहिला आकडा अजून तसाच आहे. तुमच्याकडच्या आकड्याचा शेवट ५१२ असेल तर तो बदलून घ्या.

दुसरा प्रकार वार्षिक अंदाजाचा. हा १ जुलैचा धरतात आणि ऑगस्टच्या अखेरीस सरकारी राजपत्रात छापतात. २०२५ चा अंदाज सुमारे २१.३४ कोटींचा आहे. तिसरा प्रकार म्हणजे प्रक्षेपण, पुढच्या दशकांचं गणित. २०२४ मध्ये सुधारलेल्या प्रक्षेपणानुसार ब्राझीलची लोकसंख्या २०४१ मध्ये सुमारे २२ कोटींवर जाऊन थांबेल आणि मग उतरू लागेल. २०७० मध्ये ती २० कोटींच्याही किंचित खाली असेल.

मग एक कोटीचा फरक कुठून आला? जनगणनेनंतर आयबीजीईने निवडक भागांत पुन्हा जाऊन पडताळणी केली. कुठली घरं सुटली, कुठली दोनदा आली, हे तपासलं. त्यावरून आणि जन्ममृत्यूच्या नोंदींवरून २०२२ ची लोकसंख्या खरं तर २१ कोटींच्या जवळ होती असं ठरलं. पुढचे अंदाज या सुधारलेल्या पायावर उभे आहेत, जनगणनेचा छापील आकडा मात्र तसाच ठेवला आहे.

याचा व्यवहारातला अर्थ असा की, जनगणनेचा आकडा आणि नंतरच्या वर्षाचा अंदाज यांची वजाबाकी करून ‘वाढ’ काढायची नाही. बाईया राज्याची राजधानी साल्व्हादोर घ्या. २०१० मध्ये तिथे २६.७६ लाख लोक होते, २०२२ मध्ये २४.१८ लाख राहिले. बारा वर्षांत जवळजवळ दहा टक्के घट. २०२५ चा अंदाज सुमारे २५.६ लाख. हे तीन आकडे एका ओळीत मांडले की साल्व्हादोर सावरलं, पुन्हा भरू लागलं, अशी छान गोष्ट तयार होते आणि ती साफ खोटी असते. जनगणनेची तुलना जनगणनेशी, अंदाजाची त्याच मालिकेतल्या अंदाजाशी, एवढं पाळलं तरी निम्म्या चुका टळतात.

दुसरी पायरी: हद्द बघा

ब्राझीलमध्ये २६ राज्यं आणि एक संघीय जिल्हा आहे. आकडेवारीच्या सोयीसाठी ती पाच विभागांत बसवली आहेत. आग्नेय विभागात ८.४८ कोटी लोक, ईशान्येत ५.४७ कोटी, दक्षिणेत २.९९ कोटी, उत्तरेत १.७४ कोटी आणि मध्य-पश्चिमेत १.६३ कोटी. या विभागांना सरकार नाही, विधानसभा नाही. ते फक्त नकाशावर आणि तक्त्यांत असतात. उत्तर आणि ईशान्य यांची गल्लत सर्रास होते. उत्तर म्हणजे आमाझोनचा प्रदेश, देशाचं जवळपास ४५ टक्के क्षेत्रफळ आणि लोक साडेआठ टक्के. ईशान्य म्हणजे साल्व्हादोर, रेसिफे, फोर्तालेझा यांचा जुना, दाट किनारा आणि त्यामागचा कोरडा अंतर्भाग. आग्नेय विभागात साओ पाउलो (४.४४ कोटी), मिनास जेराइस (२.०५ कोटी) आणि रिओ दि जानेरो (१.६१ कोटी) ही तीन राज्यं मिळूनच देशाची सुमारे ४० टक्के वस्ती आहे. दुसऱ्या टोकाला रोराइमा, संपूर्ण राज्यात सव्वासहा लाखांच्या थोडे वर.

राज्याच्या खाली थेट मुनिसिपिओ येतो आणि खरा घोळ इथे आहे. मुनिसिपिओला महापौर असतो, निवडून आलेली परिषद असते, म्हणून आपण त्याला नगरपालिका समजतो. पण देशाची सगळी जमीन मुनिसिपिओंमध्ये वाटलेली आहे: शेतं, जंगल, नदी, सगळं. म्हणजे हद्दीच्या दृष्टीने तो आपल्या तालुक्याजवळ जातो. संघीय जिल्हा आणि फेर्नांदो दि नोरोन्या हे बेट धरून असे ५,५७१ घटक आहेत. आणि ‘दिस्त्रितो’ हा शब्द दिसला की आपला जिल्हा डोळ्यांपुढे आणू नका. तो मुनिसिपिओच्या आतला छोटा भाग असतो.

ही हद्द किती फसवी असू शकते ते पाहायचं तर पारा राज्यातला आल्तामिरा हा मुनिसिपिओ पाहा. क्षेत्रफळ सुमारे १,५९,५०० चौरस किलोमीटर. महाराष्ट्र ३,०७,७१३ चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे एकटा आल्तामिरा अर्ध्या महाराष्ट्राहून थोडा मोठा. लोक किती? १,२६,२७९. दर चौरस किलोमीटरला एक माणूसही नाही. उलट साओ पाउलोला खेटून असलेल्या ताबोआँ दा सेरा या मुनिसिपिओत दर चौरस किलोमीटरला १३ हजारांवर लोक आहेत, देशात सर्वात दाट. अख्ख्या देशाची सरासरी घनता २३.८६ निघते, आणि अशी घनता प्रत्यक्षात जगणारी माणसं फार थोडी.

मानाउसचंही तसंच. आमाझोनास राज्याची ही राजधानी २०.६ लाखांची, राज्यातले निम्म्याहून जास्त लोक या एका ठिकाणी राहतात. पण तिची घनता १८० च्या आसपास दिसते, आपल्याकडच्या एखाद्या विरळ ग्रामीण तालुक्यासारखी. कारण मुनिसिपिओ ११,४०० चौरस किलोमीटरचा, नागपूर जिल्ह्याहून मोठा, आणि त्यातला बहुतेक भाग जंगल आणि पाणी. शहर म्हणून बांधलेला भाग चांगलाच दाट आहे. साओ पाउलोचे १.१५ कोटी लोक १,५२१ चौरस किलोमीटरमध्ये आहेत, मुंबईच्या दोन जिल्ह्यांच्या अडीचपट जागेत. त्याच्या दक्षिण टोकाला मोठे जलाशय आणि चक्क जंगल आहे. त्यामुळे मुनिसिपिओच्या घनतेवरून शहरातली गर्दी ठरवायला जाऊ नका.

ब्राझिलिया तर वेगळंच प्रकरण. २१ एप्रिल १९६० ला राजधानी म्हणून खुलं झालेलं हे शहर संघीय जिल्ह्यात आहे आणि त्या जिल्ह्यात मुनिसिपिओ पाडलेलेच नाहीत. तक्त्यात ‘ब्राझिलिया: २८.१७ लाख’ दिसतं ते पूर्ण संघीय जिल्ह्याचं. सेइलांजिया, तागुआतिंगा, सामाम्बाया या मोठ्या वसाहती त्यातच आल्या. विमानाच्या आकाराचं म्हणून छायाचित्रांतून आपल्याला माहीत असलेलं नियोजित ब्राझिलिया त्यातला एक लहान भाग.

तिसरी पायरी: नावापेक्षा कोड वापरा

बॉम जेझुस नावाचे पाच मुनिसिपिओ आहेत, पाच वेगवेगळ्या राज्यांत. रिओ ग्रांदे नावाची दोन राज्यं, एक दक्षिणेत, एक ईशान्येत. मातो ग्रोसोही दोन. साओ पाउलो आणि रिओ दि जानेरो ही शहरंही आहेत आणि राज्यंही. नावावर विसंबलात तर कधीतरी फसणार.

त्यावर उपाय आयबीजीईनेच दिलाय. प्रत्येक मुनिसिपिओला सात अंकी कोड असतो आणि तो आपल्या पिनकोडसारखा डावीकडून वाचता येतो. पहिला अंक विभागाचा: १ उत्तर, २ ईशान्य, ३ आग्नेय, ४ दक्षिण, ५ मध्य-पश्चिम. पहिले दोन अंक मिळून राज्य: ३५ साओ पाउलो, ३३ रिओ दि जानेरो, ३१ मिनास जेराइस, २९ बाईया, १३ आमाझोनास. शेवटचा अंक तपासणीचा. साओ पाउलो शहर ३५५०३०८, रिओ ३३०४५५७, मानाउस १३०२६०३, ब्राझिलिया ५३००१०८. तुमच्या वहीत किंवा एक्सेलमध्ये नावाच्या आधी कोडचा रकाना करा. पोर्तुगीज नावांच्या मराठी लेखनात प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कोड मात्र सगळ्यांचा सारखाच राहतो.

चौथी पायरी: तक्ता स्वतः काढा

एकाच शहराची झटपट माहिती हवी असेल तर आयबीजीईचं ‘सिदादेस’ हे पान पुरेसं आहे. जास्त शहरं किंवा जास्त वर्षं हवी असतील तर ‘सिद्रा’ ही तक्त्यांची प्रणाली वापरा. पोर्तुगीज येत नसलं तरी अडत नाही, कारण तक्त्याचा क्रमांक शोधपेटीत टाकला की थेट तोच तक्ता उघडतो. सुरुवातीला चार क्रमांक बास: ४७१४ मध्ये २०२२ ची लोकसंख्या, क्षेत्रफळ आणि घनता, ६५७९ मध्ये वार्षिक अंदाज, ९५१४ मध्ये वय आणि लिंग, ९६०५ मध्ये रंग किंवा वंश.

तक्ता उघडल्यावर वरच्या भागात काय मोजायचं ते निवडा, मग वर्ष, आणि सगळ्यात खाली भौगोलिक पातळी: देश, विभाग, राज्य की मुनिसिपिओ. ही पातळी निवडायचं राहिलं तर फक्त देशाची एक ओळ हाती येते आणि तक्ता रिकामा आहे असं वाटतं.

आता उतरवून घेताना सांभाळा. ब्राझीलमध्ये हजारांसाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, आपल्या अगदी उलट. भारतीय मांडणीवर ठेवलेल्या एक्सेलमध्ये आल्तामिराचे १२६.२७९ लोक म्हणजे सव्वाशे माणसं होतात आणि देशाची २३,८६ ही घनता २३८६ होऊन बसते. फाईल उघडण्याआधी प्रादेशिक मांडणी पोर्तुगीज (ब्राझील) करा, किंवा आधी मजकूर म्हणून घेऊन मग टिंबं काढा. ‘मिल’ म्हणजे हजार, ‘मिल्याओ’ म्हणजे दहा लाख. बातमीत ‘४४,४ मिल्योंइस’ दिसलं की ४.४४ कोटी लिहायचं. रकान्यात नुसती आडवी रेघ असेल तर ते शून्य. तीन टिंबं असतील तर माहिती उपलब्ध नाही. एक्स असेल तर माहिती आहे, पण इतक्या थोड्या लोकांची की ती उघड केल्यास माणसं ओळखू येतील, म्हणून झाकलेली. या तिन्हींना सरसकट शून्य करून बेरीज मारणारे बरेच भेटतात.

पाचवी पायरी: शहर म्हणजे नेमकं कुठवर?

मुनिसिपिओनुसार क्रम लावला तर साओ पाउलो, रिओ (६२ लाख), ब्राझिलिया, फोर्तालेझा (२४.३ लाख), साल्व्हादोर, बेलो होरिझोन्ते (२३ लाख) असा लागतो. महानगर प्रदेश धरला की चित्र बदलतं. साओ पाउलोच्या महानगर प्रदेशात ३९ मुनिसिपिओ आणि सुमारे २.०७ कोटी लोक आहेत. बेलो होरिझोन्ते मुनिसिपिओ म्हणून ब्राझिलियाच्या खाली, महानगर म्हणून तिसऱ्या क्रमांकावर.

महानगर प्रदेश हे राज्यांच्या कायद्याने ठरतात, आणि कायदा करणारे राजकारणी असतात. काही राज्यांनी शहराशी फारसा संबंध नसलेली गावंही त्यात घातली आहेत. म्हणून लोकांच्या रोजच्या ये-जा आणि लागून असलेल्या बांधकामावरून आयबीजीई स्वतःची वेगळी यादी करते, तिला ‘नागरी एकवटलेपण’ म्हणू. दोन शहरांची तुलना करायची तर ही यादी जास्त प्रामाणिक.

फावेलांचे, म्हणजे आपल्या झोपडपट्ट्यांसारख्या वस्त्यांचे, आकडे वेगळ्या तक्त्यांत येतात. आधी सरकारी भाषेत त्यांना ‘सामान्यापेक्षा खालचे समूह’ अशा धर्तीचं अवघडलेलं नाव होतं. जानेवारी २०२४ मध्ये ते बदलून ‘फावेला आणि नागरी समुदाय’ झालं. त्यामुळे २०१० आणि २०२२ च्या तक्त्यांची नावं जुळत नाहीत म्हणून गोंधळू नका. २०२२ मध्ये १२,३४८ फावेलांत १.६४ कोटी लोक राहत होते, देशाच्या ८.१ टक्के. सर्वात मोठी रिओची रोसिन्या, ७२,०२१. दुसरी रिओमध्येही नाही आणि साओ पाउलोमध्येही नाही; ती आहे नियोजित राजधानीच्या संघीय जिल्ह्यात, सोल नासेंते, सुमारे ७१ हजारांची. आणि आमाझोन प्रदेशातल्या बेलेम शहरात निम्म्याहून जास्त, ५७ टक्के लोक फावेलांत राहतात. फावेला म्हणजे रिओच्या टेकड्या, हे चित्र आमाझोनच्या शहरांना लागू पडत नाही.

सहावी पायरी: ‘रंग किंवा वंश’चा रकाना

जनगणनेत हा प्रश्न असतो आणि उत्तर माणूस स्वतः देतो. पर्याय पाच: ब्रांका (गोरा), प्रेता (काळा), आमारेला (पूर्व आशियाई वंशाचा, मुख्यतः जपानी), पार्दा (मिश्र) आणि इंडिजेना (मूळनिवासी). २०१० मध्ये ब्रांका ४७.७ टक्के आणि पार्दा ४३.१ टक्के होते. २०२२ मध्ये पार्दा ४५.३ वर गेले, ब्रांका ४३.५ वर आले, प्रेता १०.२ टक्के.

बातम्यांत ‘ब्राझीलचे ५५ टक्के लोक कृष्णवर्णीय’ असं वाचाल आणि तक्त्यात दहा टक्के दिसतील. दोन्ही बरोबर. ‘नेग्रा’ या कायदेशीर गटात प्रेता आणि पार्दा दोन्ही धरतात. तक्त्यातला प्रेता हा त्यातला एक भाग. मराठी बातम्यांत दोन्हींना एकच शब्द वापरला जातो आणि मग पाचपट फरकाचं गूढ तयार होतं. पार्दामध्ये आमाझोनकाठचा, मूळनिवासी पूर्वज असलेला माणूसही येतो आणि बाईयातला आफ्रिकी वंशाचाही. तेव्हा उत्तर विभागातल्या पार्दांच्या आकड्यावरून लगेच आफ्रिकी वारशाबद्दल काही लिहायला जाऊ नका.

मूळनिवासींचेही दोन आकडे आहेत. रंगाच्या प्रश्नाला इंडिजेना म्हणणारे १२.३ लाख. शिवाय मूळनिवासी भागांत, दुसरा रंग सांगणाऱ्यांना ‘तुम्ही स्वतःला मूळनिवासी मानता का?’ असा वेगळा प्रश्न विचारतात. तो धरला की १६.९ लाख. २०१० चा आकडा ८.९७ लाख होता. बारा वर्षांत जवळपास दुप्पट झाले ते मुख्यतः २०२२ मध्ये हा दुसरा प्रश्न अधिक ठिकाणी विचारला गेला म्हणून.

सातवी पायरी: वाढ, घट आणि त्यामागचे पैसे

१८७२ मध्ये पहिली जनगणना झाली तेव्हा ब्राझीलमध्ये गुलामी होती (ती १८८८ मध्ये संपली) आणि लोक होते ९९ लाख. त्यानंतर कधी नव्हे इतका कमी वेग २०१० ते २०२२ मध्ये दिसला, वर्षाला ०.५२ टक्के. मध्यक वय २९ वरून ३५ वर गेलं. पण देशाच्या सरासरीने प्रदेश कळत नाही. वेनेझुएलातून आलेल्या लोकांमुळे रोराइमाची राजधानी बोआ व्हिस्ता याच काळात ४५ टक्के वाढली. पारा राज्यातला कानाआँ दुस काराजास लोहखनिजाच्या खाणीमुळे २७ हजारांवरून ७७ हजारांवर गेला. त्याच वेळी मिनास जेराइसमधल्या सेरा दा साउदादे या मुनिसिपिओत एकूण ८३३ लोक होते, आणि त्यांना स्वतंत्र महापौर आहे.

अशा छोट्या ठिकाणच्या आकड्यांवरून वाद का होतात हे नवख्याला कळत नाही, म्हणून हे सांगतो. केंद्राच्या आयकर आणि औद्योगिक उत्पादन कराचा एक हिस्सा मुनिसिपिओंना मिळतो. राजधान्या सोडल्या तर त्याचं वाटप लोकसंख्येच्या टप्प्यांवर होतं. १०,१८८ लोकांपर्यंत गुणांक ०.६, त्याच्या पुढे एक माणूस वाढला की ०.८. म्हणजे १०,१८९ वा रहिवासी गावाच्या निधीत एक तृतीयांश भर घालतो. हे टप्पे ४.० पर्यंत चढतात. २०२२ च्या जनगणनेत अनेक मुनिसिपिओ अपेक्षेपेक्षा लहान निघाले आणि त्यांचा गुणांक खाली येणार होता. तेव्हा २०२३ मध्ये कायदा करून ही कपात दहा वर्षांत थोडी थोडी करायचं ठरलं.

म्हणून एखाद्या महापौराने ‘आमच्याकडे खरं तर अमुक हजार जास्त लोक आहेत’ असं म्हटल्याची बातमी दिसली, तर तो आकडा टिपणात घेण्याआधी गावाची लोकसंख्या कोणत्या टप्प्याच्या किती जवळ आहे ते ६५७९ क्रमांकाच्या तक्त्यात बघा. बऱ्याचदा बातमीचं कारण तिथेच सापडतं.